चार जीबीचा लॅपटॉप, साधा मोबाइल आणि चित्रकलेचं सॉफ्टवेअर

एलिमेंटरी-इंटरमीजिएट झालेली, हात बऱ्यापैकी वळणदार असलेली पोरं डिजिटलकडे वळली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? गावातला कॉम्प्युटरवाला फोटोशॉप टाकून देतो, यूट्यूबवाला प्रोक्रिएट म्हणतो आणि शेजारचा डीटीपीवाला कोरलशिवाय काही खरं नाही असं सांगतो. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण नवख्याच्या कामाचं त्यातलं एकही नाही.

निवड दोन गोष्टींवर ठरते. तुमच्या हातात यंत्र कोणतं आहे आणि चित्र शेवटी जाणार कुठे: इन्स्टाग्रामवर, लग्नपत्रिकेत की चौकातल्या फ्लेक्सवर. ही उत्तरं स्पष्ट असली की यादीतली निम्मी नावं आपोआप गळतात आणि उरलेल्यांत दोन-तीन फुकटची असतात. फुकट आणि कायदेशीर.

आधी यंत्राचं बघू. लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट असं उघडा आणि दोन ओळी वाचा: रॅम किती आहे आणि विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट. सेकंडहँड घेतलेल्या मशिनवर अजूनही ३२ बिट विंडोज सापडतं. तसं असेल तर आजची बहुतेक चांगली सॉफ्टवेअर बसणारच नाहीत. आधी ६४ बिट विंडोज टाकून घ्या, प्रोसेसर बहुधा ते चालवू शकतो.

रॅमचा हिशोब एकदा कागदावर करून बघण्यासारखा आहे. ए-४ कागद ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता), तर पूर्ण भरलेला एक लेयर (चित्रात एकावर एक ठेवायचा पारदर्शक थर) साधारण ३५ एमबी खातो. वीस लेयर केले की ७०० एमबी. ए-३ घेतला की दुप्पट. रंगाची खोली ८ बिटवरून १६ बिट केली की पुन्हा दुप्पट. चार जीबीच्या मशिनवर विंडोज आणि ब्राउझर मिळून निम्मी रॅम आधीच गिळून बसलेले असतात. म्हणजे ए-४, ८ बिट आणि दहा-बारा लेयर एवढ्यात राहिलात तर चार जीबीवर काम होतं. त्यापुढे ब्रश मागे रेंगाळायला लागतो आणि लोक सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. सॉफ्टवेअरवर खर्च करायला काढलेले पैसे आधी आठ जीबी रॅम आणि एका छोट्या एसएसडीवर घाला. जुन्या लॅपटॉपला त्याचा जेवढा फायदा होतो तेवढा कुठल्याच महागड्या परवान्याने होत नाही.

लॅपटॉप असेल तर माझं उत्तर सरळ आहे: क्रिता. केडीई या मुक्त सॉफ्टवेअरच्या समूहात वाढलेला हा प्रोग्रॅम रंगवण्यासाठीच बनवलेला आहे. फोटोशॉपसारखं आधी फोटोसाठी आणि मग चित्रासाठी असं त्याचं झालेलं नाही. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतो. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअर आणि स्टीमवर त्याला किंमत लावलेली दिसते, पण प्रोग्रॅम तोच असतो. ते पैसे विकासाला जातात, द्यायचे की नाही हा तुमचा प्रश्न. अँड्रॉइडवरही आहे, पण टॅबलेटसाठी. मोबाइलच्या पडद्यावर त्याची बटणं मावत नाहीत.

बसवल्यावर लगेच रंगवायला घेऊ नका, आधी चार सेटिंग्ज बदला. सेटिंग्जमधून कॉन्फिगर क्रिता उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरीची मर्यादा दिसेल. चार जीबीच्या मशिनवर ती फार वाढवू नका, नाहीतर विंडोजचाच श्वास कोंडतो. अनडूच्या पायऱ्यांची संख्या जनरलमध्ये असते. ती तीसच्या आसपास पुरते. दुसरी गोष्ट म्हणजे ऑटोसेव्ह. आपल्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक आणि प्रत्यक्ष लाइट जाण्याची वेळ यांचा काही संबंध नसतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच असते. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणा. शिवाय हाताला कंट्रोल + ऑल्ट + एस ची सवय लावा. या जोडीने जुनी फाइल तशीच राहते आणि पुढच्या क्रमांकाची नवी फाइल तयार होते. फाइल सेव्ह होता होता लाइट गेली आणि ती अर्धवट लिहिली गेली, तरी आधीची शाबूत असते. 

तिसरी सेटिंग डिस्प्लेमध्ये आहे. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर क्रिता उघडल्यावर कधी कधी कॅनव्हास काळा दिसतो किंवा रेषा तुटक उमटते. तिथे रेंडरर (चित्र पडद्यावर उमटवण्याची पद्धत) ओपनजीएलवरून डायरेक्ट थ्रीडी, म्हणजे अँगल नावाच्या पर्यायावर न्या आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

चौथी सेटिंग पेनची, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. पॅड (लॅपटॉपला जोडून पेनने काढायची पाटी) नवीन, पेन नवीन, पण दाबलं तरी रेषा जाड-बारीक होत नाही. विंडोजवर पेनचा दाब प्रोग्रॅमपर्यंत दोन रस्त्यांनी पोहोचतो: विनटॅब आणि विंडोज इंक. पॅडच्या ड्रायव्हरमध्ये (पॅड चालवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये) एक निवडलेला आणि क्रितात दुसरा, असं झालं की दाब हरवतो. क्रिताच्या टॅबलेट सेटिंग्जमध्ये जाऊन ड्रायव्हरशी जुळणारा पर्याय निवडा आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करा. तिथेच टॅबलेट टेस्टर नावाचं बटण आहे. त्यावर रेघ मारून दाबाचे आकडे बदलतात का ते बघा. बदलत असतील तर पॅड ठीक आहे, दोष निवडलेल्या ब्रशचा आहे. बदलत नसतील तर ड्रायव्हर बघा. आधी दुसऱ्या कंपनीचा पॅड वापरला असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका, मशीन रीस्टार्ट करा आणि मगच नवा बसवा. दोन ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत.

रेषेची सुरुवात अडखळत असेल, पेन टेकवल्यावर एक गोल कडं उमटत असेल, तर तो विंडोजचा प्रेस अँड होल्ड आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या पेन अँड टचमध्ये जाऊन तो बंद करा. वर्तुळ काढलं की अंडाकृती होतं? पॅडचं आणि पडद्याचं प्रमाण जुळत नाही. ड्रायव्हरच्या मॅपिंगमध्ये प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, तो लावा. पॅडचा थोडा भाग वाया जाईल, जाऊ द्या.

हात थरथरत असेल तर फ्रीहँड ब्रशच्या टूल ऑप्शन्समध्ये स्टॅबिलायझर आहे. अंतर वाढवलं की रेषा गुळगुळीत होते, पण पेनच्या मागून ओढल्यासारखी येते. लांब वळणांना तो लावावा आणि केसांच्या छोट्या रेघांना काढून टाकावा. सदासर्वकाळ लावून ठेवणाऱ्याचा हात कधी सुधारत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रितातली दोन साधनं आपल्या भागातल्या मुलांनी मुद्दाम शिकावीत. डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड सुरू होतं: उजवीकडून बाहेर गेलेली रेघ डावीकडून आत येते, वरची खालून. एकसारखी पुनरावृत्ती असलेली नक्षी, हिमरूच्या शालीवर असते तशी, जोड न दिसता यातून तयार होते. दुसरं म्हणजे मिरर. पैठणीच्या पदरावरचे समोरासमोर असलेले मोर काढायचे तर अर्धंच काढा, दुसरं अर्धं आपोआप उमटतं. आणि एम दाबलं की चित्र फक्त दिसायला उलटतं, फाइल बदलत नाही. चेहऱ्याचा एक डोळा वर गेलाय हे सरळ बघून लक्षात येत नाही, उलटून बघितलं की लगेच खटकतं.

पॅडबद्दल थोडक्यात. सुरुवातीला पडदा नसलेला, साधारण सहा बाय चार इंचाचा, बिनबॅटरीच्या पेनचा पॅड पुरे. ह्युऑन, एक्सपी-पेन, वॅकॉम यांचे असे पॅड मिळतात आणि पहिल्या दोघांचे साधारण दोन ते चार हजारांत येतात. पॅड घेताना डब्यावर अँड्रॉइड लिहिलंय का ते बघा. लिहिलेलं असेल तर ओटीजीची पिन लावून मोबाइलवरही चालतो. मात्र उभ्या मोबाइलला अनेक पॅडचा थोडाच भाग लागू पडतो. डब्यात एखाद्या सॉफ्टवेअरचा परवाना फुकट दिल्याची जाहिरात असेल तर मुदत वाचा. तो बहुधा काही महिन्यांचा असतो.

लॅपटॉपच नसेल तर? मग आयबिस पेंट. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर आहे, मूळ प्रोग्रॅम फुकट, जाहिराती दाखवतो आणि काही ब्रश जाहिरात बघितल्यावर ठरावीक वेळेपुरते उघडतो. जाहिराती कायमच्या घालवायचे एकदाचे पैसे वेगळे आणि महिन्याची प्रीमियम वर्गणी वेगळी, हे नीट वाचून घ्या. नवख्याला वर्गणीची गरज नाही. चित्र काढतानाचा व्हिडिओ तो आपोआप साठवतो, म्हणून रील बनवणाऱ्यांचा तो लाडका आहे.

बोटाने किंवा रबरी टोकाच्या शंभर रुपयांच्या पेनने काढताना दाब ओळखला जात नाही. स्क्रीनला फक्त स्पर्श कळतो. आयबिस रेघेची दोन्ही टोकं आपोआप निमुळती करतं. ब्रशच्या सेटिंग्जमध्ये त्याची लांबी बदलता येते. शाईच्या रेखाटनाला तेवढं पुरतं, पेन्सिलच्या छायेला पुरत नाही. तिथे अपारदर्शकता कमी करून थर चढवत जाणं हाच मार्ग. खरा दाब हवा असेल तर पेन ओळखणारा टॅबलेट लागतो. सॅमसंगच्या टॅब एस-६ लाइटबरोबर एस पेन डब्यातच येतो, म्हणून सेकंडहँड बाजारात त्याला मागणी असते.

आयबिसबद्दल एक इशारा. चित्रं ॲपच्या आतल्या गॅलरीत राहतात. मोबाइल भरला म्हणून ॲप उडवलं की चित्रंही जातात. दर आठवड्याला पूर्ण झालेली चित्रं पीएनजी म्हणून आणि चालू असलेली पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून बाहेर काढा. पीएसडीमध्ये लेयर राहतात आणि पुढे ती फाइल क्रितात उघडते. आज मोबाइलवर, वर्षभराने लॅपटॉपवर, असा प्रवास होणारच असतो. त्यामुळे चित्रं बाहेर काढू न देणारं ॲप कितीही गोड असलं तरी घेऊ नये.

मेडीबँग हा दुसरा फुकट पर्याय, कॉमिकच्या चौकटी पाडायला सोपा. स्केचबुक पूर्वी ऑटोडेस्कचं होतं, आता स्वतंत्र कंपनीचं आहे. मोबाइलवर मूळ प्रोग्रॅम फुकट आणि पडदा अगदी मोकळा. कच्च्या रेखाटनाला छान, पण पूर्ण चित्रासाठी लवकर अपुरं पडतं.

आयपॅड घरात असेल तर प्रोक्रिएट घ्या आणि विषय संपवा. एकदाच पैसे, वर्गणी नाही. फक्त लेयरची मर्यादा आयपॅडची रॅम आणि कॅनव्हासचं माप यांवर ठरते, त्यामुळे जुन्या आयपॅडवर मोठा कॅनव्हास घेतला की मोजकेच लेयर मिळतात. पण केवळ प्रोक्रिएटसाठी हप्त्यावर आयपॅड घेणं म्हणजे चपलेसाठी पाय शोधणं झालं.

पैसे भरून घ्यायचंच असेल तर दोन नावं. क्लिप स्टुडिओ पेंट कॉमिक आणि रेखाटनासाठी फार चांगलं आहे. विंडोज-मॅकवर प्रो आवृत्ती एकरकमी घेता येते, टॅबलेट आणि मोबाइलवर मात्र वर्गणी. एकरकमीचा अर्थ नीट समजून घ्या: घेतलेली आवृत्ती चालत राहते, पण पुढच्या मोठ्या आवृत्तीतली साधनं मिळत नाहीत. २०२३ मध्ये दुसरी, २०२४ मध्ये तिसरी आणि २०२५ मध्ये चौथी आवृत्ती आली, म्हणजे हे दरवर्षीचं आहे. नवीन साधनांचा मोह आवरत असेल तरच एकरकमी स्वस्त पडते. ईएक्स आवृत्ती अनेक पानांच्या पुस्तकासाठी आणि लांब ॲनिमेशनसाठी आहे, नवख्याने तिकडे बघू नये. कंपनी अधूनमधून सवलत देते, घाई नसेल तर थांबा. दुसरं पेंट टूल साई. फक्त विंडोज, ५,५०० येन, ३१ दिवस वापरून बघता येतं. दिसायला जुनाट, पण वजनाने इतकं हलकं की जिथे बाकी सगळे दम टाकतात तिथे ते चालतं.

परदेशी संकेतस्थळावर कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून चालू करा, मर्यादा लावा आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करा. बँक रूपांतराचं शुल्कही लावते, ते किमतीत धरा.

फोटोशॉपचं काय? २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. महिन्याच्या महिन्याला पैसे येत नाहीत तोवर महिन्याच्या महिन्याला पैसे देऊ नयेत. फोटो सुधारायला गिंप फुकट आहे, त्याची तिसरी आवृत्ती २०२५ मध्ये आली. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर कॅनव्हा कंपनीने घेतलं आणि ऑक्टोबर २०२५ पासून कॅनव्हाचं खातं उघडून विंडोज-मॅकवर फुकट मिळतं. दोन्ही प्रोग्रॅम फोटो आणि मांडणीला चांगले, नुसतं रंगवायला क्रिता उजवं.

आणि क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर? दुकानात शंभर-दोनशे रुपयांत टाकून मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ते चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच काय ते समजा. मग त्याच लॅपटॉपवर घरच्यांचं नेटबँकिंग चालतं. शिवाय अपडेट बंद केलेले असतात. त्यामुळे नव्या पॅडचा ड्रायव्हर जुन्या क्रॅकशी जुळला नाही की दुरुस्तीची वाटच नसते. ज्या कामासाठी हा धोका पत्करायचा, ते काम फुकटची कायदेशीर सॉफ्टवेअर करत असताना त्याला अर्थ उरत नाही.

आता छपाई. लातूर, नांदेड, परभणी, कुठेही जा, नवख्याला पहिले पैसे बहुधा फ्लेक्स, लग्नपत्रिका किंवा गणेश मंडळाच्या पावतीबुकातून मिळतात. तिथे चित्रापेक्षा फाइलच जास्त वेळा बिघडते.

माप आधी विचारा. पत्रिका असेल तर ३०० डीपीआय आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ पिक्सेल, जादा रंग. नाहीतर कापताना पांढरी कड राहते. फ्लेक्स दहा बाय पाच फुटांचा असेल तर ३०० डीपीआय मुळीच नको. ३६००० × १८००० पिक्सेलच्या एका लेयरला अडीच जीबीहून जास्त जागा लागते. मशीन तिथेच बसेल. ७२ डीपीआयवर ८६४० × ४३२० पिक्सेल होतात, लेयरला साधारण १५० एमबी, आणि लांबून बघायच्या फ्लेक्सला एवढं पुरतं.

रंग आरजीबीत (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत) रंगवा. सुरुवातीपासून सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या पद्धतीत) काम केलं की क्रितातले काही ब्लेंडिंग मोड (लेयर एकमेकांत मिसळण्याच्या पद्धती) आणि फिल्टर विचित्र वागतात. मध्ये मध्ये कंट्रोल + वाय दाबून छापल्यावर रंग कसे दिसतील ते बघत चला. झगझगीत हिरवा, जांभळा आणि गर्द निळा हटकून मंद होतात. छपाईवाल्याने सीएमवायके मागितलं तर शेवटी प्रत काढून ती बदला आणि टिफ द्या. पीएनजीत सीएमवायके बसतच नाही.

मराठी अक्षरं हा वेगळाच व्याप. कोणतंही सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात युनिकोड फाँटमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीच्या) हे वाक्य टाका: ‘लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या कार्यकर्त्यांचे हार्दिक स्वागत’. ल्ह्या, ऱ्यां, र्त्यां हे जोड नीट बसले आणि पहिली वेलांटी जागेवर राहिली तर ते सॉफ्टवेअर मराठीच्या कामाचं. इंकस्केप (आकार आणि अक्षरं मांडायचं फुकट सॉफ्टवेअर) आणि गिंप यांत हे नीट बसतं. जुन्या फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं तुटत असतील तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. क्रितात मजकूर टाकता येतो, पण बॅनरभर मजकूर मांडायला ते बनवलेलं नाही. चित्र क्रितात करा, पीएनजी इंकस्केपमध्ये आणा आणि अक्षरं तिथे लावा. फाँट मुक्ता, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. फुकट आहेत आणि धंद्याच्या कामालाही चालतात.

छपाईच्या दुकानात बरंचसं काम अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटवर चालतं. तुमची युनिकोड अक्षरं त्यांच्या मशिनवर चौकोन होतात नाहीतर दुसऱ्याच फाँटमध्ये उघडतात. म्हणून पाठवण्याआधी मजकूर निवडून इंकस्केपच्या पाथ मेनूतून ऑब्जेक्ट टू पाथ करा. अक्षरांचे आकार होतात, फाँटची गरज संपते. मात्र त्यानंतर एक काना बदलायचा म्हटलं तरी बदलता येत नाही. म्हणून आधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवा आणि नावं, तारीख, तिथी पत्रिकावाल्या घरातल्या कुणाकडून तरी वाचून घेतल्यावरच हे करा.

मग पीडीएफ काढा आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून जोडा. गॅलरीतून फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याचे पिक्सेल कमी करतं आणि दहा फुटांच्या फ्लेक्सवर नेत्यांचा चेहरा चौकोनी तुकड्यांचा येतो. शिव्या मात्र चित्रकाराला बसतात.